न बोलणाऱ्याचं पान

एखाद्या बँडवरचं पुस्तक हातात आलं की कसलेला वाचक पहिलं पान उघडत नाही. तो आधी शेवटाकडे जातो, सूचीकडे. तिथे आपल्या लाडक्या गाण्याचं नाव शोधतो, त्यापुढचे पानांचे आकडे बघतो आणि थेट त्या पानावर पोचतो. पुस्तकाबद्दलचं त्याचं मत बहुतेक वेळा तिथेच, दुकानातल्या मांडणीसमोर उभ्या उभ्या ठरून जातं. लेखकाने वर्षानुवर्षं खपून चारशे पानं लिहिलेली असतात. वाचकाची कसोटी एका परिच्छेदाची असते. ज्या गाण्याने आपल्या इतक्या रात्री भरून टाकल्या, त्यात या माणसाला काय ऐकू आलं?

‘पिंक फ्लॉइड’वरच्या पुस्तकांना ही कसोटी फार जड जाते.

1965 साली लंडनमध्ये या नावाने वाजवू लागलेली ही मंडळी. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघं रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकत होते; सिड बॅरेट हा वॉटर्सच्याच केंब्रिज गावचा, चित्रकलेचा विद्यार्थी. अमेरिकेतल्या पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडचं नाव त्यानेच ठेवलं. 1966 च्या डिसेंबरात टॉटनम कोर्ट रोडवर ‘यूएफओ’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथे भिंतींवर आणि वादकांच्या अंगावर रंगीत द्रवांचे हलते प्रकाश सोडलेले असत, आणि एकेक रचना दहा-दहा मिनिटं, कधी त्याहून लांब, आपल्याच लहरीने वाहत जाई. सायकेडेलिक रॉक म्हणतात ते हे. ऑगस्ट 1967 मध्ये ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ ही पहिली तबकडी आली. एप्रिल 1968 पर्यंत मनाचा तोल ढळलेला बॅरेट बँडबाहेर गेला होता आणि गिटार डेव्हिड गिल्मोरच्या हातात आली होती.

या गोष्टीवर पुस्तकं लिहिली जाणं अटळ होतं. निकोलस शॅफनर यांचं ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ 1991 मध्ये आलं. 1995 मध्ये अँडी मॅबेट यांनी सीडीच्या डबीएवढं चौकोनी पुस्तक काढलं, एकेका तबकडीतलं एकेक गाणं ओळीने घेणारं. 2004 मध्ये ड्रमवादक मेसन यांनी स्वतःची हकिगत लिहिली. पुढच्याच वर्षी जॉन हॅरिस यांनी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या एकाच तबकडीवर अख्खं पुस्तक खर्ची घातलं. 2007 मध्ये मार्क ब्लेक यांचं भरघोस चरित्र आलं आणि 2010 मध्ये रॉब चॅपमन यांचं बॅरेटचरित्र. फळी भरत गेली, आणि त्या प्रत्येक पुस्तकामागोमाग वाचकांची मतंही येत राहिली.

ही मतं नुसत्या आवडीनिवडीची नसतात. त्यांत पक्ष असतात. काहींसाठी फ्लॉइड म्हणजे बॅरेट आणि 1967 साल. पुढचं सगळं त्यांना सावलीसारखं वाटतं. वॉटर्सच्या बाजूचे लोक शब्दांना मानतात, ‘ॲनिमल्स’ आणि ‘द वॉल’मधल्या संतापाला मानतात. गिल्मोरवाल्यांना एखादा ओढून धरलेला गिटारचा सूर अख्ख्या कडव्याहून अधिक सांगून जातो. वॉटर्स 1985 मध्ये बाहेर पडले आणि बँडचं नाव कोणी वापरायचं यावर वकिलांमार्फत भांडण झालं, तेव्हापासून या पक्षांना धारच आली. नवं पुस्तक आलं की प्रत्येक पक्ष आधी आपल्या माणसाला किती पानं मिळाली ते मोजतो.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ 1961 मध्ये आलं, तेव्हा प्रत्येक घराण्याचा रसिक आधी आपल्याच घराण्याचं प्रकरण काढून बसला. वामनराव स्वतः जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य. स्वर आणि लय यांचा तोल जयपूर गायकीत उत्तम साधतो असं त्यांनी लिहिलं, आणि त्यावर वाद झाले. त्या वादांमुळे अनेकांना आपण काय ऐकतो हे पहिल्यांदा शब्दांत मांडावं लागलं. गाण्यावरच्या पुस्तकाशी भांडणारा वाचक खरं तर आपल्या कानाची साक्ष देत असतो.

फ्लॉइडच्या वाचकांत साक्ष देणाऱ्यांची एक जात फार चिकाटीची निघाली. कोणत्या तारखेला कोणतं गाणं वाजलं, कुठल्या कार्यक्रमात क्रम बदलला, कुठल्या आवृत्तीत मिश्रण वेगळं आहे, हे सगळं ते टिपून ठेवत. इंग्लंडमध्ये 1983 ते 1993 अशी दहा वर्षं ‘द अमेझिंग पुडिंग’ नावाचं चाहत्यांचं नियतकालिक निघत होतं; ‘ॲटम हार्ट मदर’ या तेवीसेक मिनिटांच्या रचनेचं ते जुनं, कामचलाऊ नाव. मॅबेट त्याच्या संपादकांपैकी एक. म्हणजे तो चौकोनी मार्गदर्शक ज्याने लिहिला, तो आधी चुका काढणारा वाचक होता. पुस्तकातली तारीख चुकली की अशा लोकांच्या जिवाला लागतं, आणि ते लागणं मोलाचं आहे. बँडमधल्या मंडळींनाही स्वतःचा भूतकाळ एकसारखा आठवत नाही. 1975 च्या उन्हाळ्यात ‘विश यू वेअर हिअर’चं काम चालू असताना डोकं आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस ॲबी रोड स्टुडिओत आला आणि बराच वेळ त्याला कोणी ओळखलं नाही. तो बॅरेट होता. त्या दिवशी तो काय बोलला, काय करत होता, नेमका कितीदा आला, याबद्दल तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. मेसन यांनी आपल्या पुस्तकाला ‘वैयक्तिक इतिहास’ असं उपशीर्षक दिलं, ते नेमकं आहे. त्यांच्या खेळकर, नम्र लेखणीवर वाचकांनी प्रेम केलं. आणि जिथे जखम आहे तिथे हा गृहस्थ विनोद करून पुढे सरकतो, अशी तक्रारही केली.

बॅरेटच्या बाबतीत तर वाचकांच्या आवडीनेच पुस्तकं घडवली आणि बिघडवली. 1974 मध्ये निक केंट यांनी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला आणि वेडाच्या कथांना पंख फुटले. गोळ्यांचा चुरा केसांच्या क्रीममध्ये कालवून तो रंगमंचावर गेला, दिव्यांच्या उष्णतेने ते सगळं चेहऱ्यावर ओघळलं, ही कथा कित्येकांनी उतरवून घेतली. चॅपमन यांनी अशा दंतकथा एकेक करून उलट्या तपासल्या आणि त्यांच्या जागी एक अभ्यासू कलावंत उभा केला: एडवर्ड लिअर, लुइस कॅरल, हिलेअर बेलॉक यांच्या निरर्थ बालकवितांवर पोसलेला, चित्रकाराच्या नजरेने शब्द कापून चिकटवणारा. काही वाचक या पुस्तकाने हरखले. काही दुखावले, कारण दंतकथा हा त्यांच्या प्रेमाचा भाग झाला होता आणि आधीच्या लेखकांवर चॅपमन फार तुटून पडतात असं त्यांना वाटलं. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत. पण गाणी ऐकायला बसल्यावर चॅपमन यांचं पुस्तक जास्त उपयोगी पडतं. वेडाची गोष्ट वाचून गाण्यात वेडच ऐकू येतं. लिअरचं नाव वाचल्यावर यमकं, अडखळणाऱ्या ओळी, मध्येच तुटणारी मात्रा हे सगळं ऐकू यायला लागतं.

या गदारोळात वाचकांचा आणखी एक गट आहे. त्याचा आवाज बारीक, पण तक्रार एकच आणि जुनी. हे लोक सूचीत रिचर्ड राइट यांचं नाव काढतात.

राइट कळफलकाची वाद्यं वाजवत: पियानो, फार्फिसा ऑर्गन, पुढे सिंथेसायझर. 1943 चा जन्म, जॅझचं वेड, स्वभाव अबोल. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. मुलाखतींत वॉटर्स आणि गिल्मोर बोलत, आणि पुस्तकं बोललेल्यावर उभी राहतात. चरित्रकाराला अवतरणं लागतात, प्रसंग लागतात, भांडणं लागतात. राइट यांनी मागे ठेवले ते मुख्यतः सूर. त्यामुळे कित्येक पुस्तकांत 1979 साल आलं की त्यांच्यावर अचानक प्रकाश पडतो, कारण त्या वर्षी ‘द वॉल’चं ध्वनिमुद्रण चालू असताना वॉटर्सच्या आग्रहावरून त्यांना बँड सोडायला लावण्यात आलं. पुढे 1980-81 च्या कार्यक्रमांत ते पगारी वादक म्हणून बसले. त्या अवाढव्य कार्यक्रमांत बँडला तोटा झाला आणि पैसे मिळाले ते पगारावर असलेल्या राइट यांना, हेही प्रत्येक पुस्तक सांगतं. वाचकाचं दुखणं इथेच आहे. माणूस बाहेर कसा गेला याची पानंच्या पानं, आणि तो आत असताना काय करत होता याच्या चार ओळी.

‘एकोज’चंच उदाहरण घ्यावं. 1971 च्या ‘मेडल’ तबकडीची अख्खी दुसरी बाजू व्यापणारी ही साडेतेवीस मिनिटांची रचना. बँडकडे तेव्हा तयार काहीच नव्हतं; त्यांनी स्टुडिओत सुटे तुकडे वाजवून ठेवले आणि त्यांना ‘नथिंग’ म्हणजे ‘काही नाही’ असं नाव देऊन क्रमांक घातले. त्या ‘काही नाही’तून एक गोष्ट हाती लागली. राइट पियानोवर वरच्या सप्तकातली एकच पट्टी दाबत होते आणि तो सूर लेस्ली नावाच्या ध्वनिक्षेपकातून जात होता. लेस्लीच्या खोक्यात कर्णा गरगर फिरतो. आवाज जवळ येतो, लांब जातो, थरथरतो. पाण्याच्या तळातून पाणबुडीने हाक मारावी तसा तो सूर निघाला. पुढे नीट ध्वनिमुद्रण करायला बसल्यावर तोच गुंजन पुन्हा येईना. शेवटी पहिल्या कच्च्या मुद्रणातला सूर तसाच उचलून रचनेला जोडला गेला.

ही माहिती देणाऱ्या पुस्तकावर वाचक खूश का होतो, हे सांगणं सोपं आहे. ती वाचल्यावर पहिल्या मिनिटात कान टवकारतात. इतकी वर्षं जे नुसतं वातावरण वाटत होतं, तिथे एक माणूस बसलेला दिसतो: एक बोट, एक पट्टी, आणि मग थांबणं. तो पुढचा सूर लवकर वाजवत नाही. याच रचनेत गिल्मोर आणि राइट एकत्र गातात, दोघांचे आवाज एकमेकांत इतके मिसळलेले की कोणता कोणाचा हे पहिल्या ऐकण्यात कळत नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाच्या शेवटच्या भागाशी हे गाणं जुळतं अशी चाहत्यांची एक लाडकी समजूत आहे. काही पुस्तकं त्या जुळणीला जितकी जागा देतात, तितकी या दोन आवाजांना देत नाहीत. राइट यांच्या बाजूचा वाचक तिथे पेन्सिल हातात घेतो.

‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये हे अधिकच खुपतं. मार्च 1973 ची ही तबकडी. 1973 ते 1988 या काळात ती बिलबोर्डच्या अमेरिकी यादीत 741 आठवडे होती. तिच्यावर लिहिताना पुस्तकं घड्याळांच्या गजरांबद्दल सांगतात, ‘मनी’मधल्या नाण्यांच्या खुळखुळाटाची गोल जोडलेली फीत आणि सात मात्रांचा ताल सांगतात, वॉटर्सनी कार्डांवर लिहिलेले प्रश्न आणि त्यांना स्टुडिओच्या दरवानाने दिलेली उत्तरं सांगतात. हे सगळं खरं आहे आणि रंजकही. पण या सगळ्याखाली जे अंथरलेलं आहे, ते पुष्कळसं राइट यांचं. ‘ब्रीद’मध्ये कडव्याकडे परतताना येणारी ती किंचित आंबूस कॉर्ड त्यांना माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून सुचली, हे त्यांनीच सांगितलं होतं. ‘अस अँड देम’ची चाल त्यांनी आन्तोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ चित्रपटासाठी बसवली होती. दंगलीच्या दृश्यावर शांत पियानो. दिग्दर्शकाने ती नाकारली आणि ती काही वर्षं पडून राहिली. ज्या पुस्तकात हे दोन तपशील गाण्याच्या पानावर येतात, ते वाचक जपून ठेवतात.

आणि मग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. 1972 च्या कार्यक्रमांत त्या जागी राइट यांचा ऑर्गन वाजे, जोडीला धार्मिक पठणाच्या ध्वनिफिती. पुढे तो पियानो झाला. जानेवारी 1973 मध्ये, एका रविवारी, ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांच्या सुचवण्यावरून क्लेअर टोरी या पंचवीस वर्षांच्या गायिकेला बोलावलं गेलं. शब्द नाहीत, चाल ठरलेली नाही. फक्त पियानोवर गायचं. ती गायली, तीस पौंड घेऊन घरी गेली, आणि आपलं गाणं तबकडीत आहे हे तिला पुढे दुकानात तबकडी पाहून कळलं. तबकडीवर रचनाकार म्हणून एकच नाव होतं, राइट यांचं. तीन दशकांनी, 2004 मध्ये, टोरी यांनी दावा लावला. 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून दोन नावं छापली जातात.

आता 1995 चं पुस्तक आणि अलीकडची तबकडी शेजारी ठेवली, तर दोन्हींत वेगळी माहिती दिसते. पुस्तक लिहिणाऱ्याची यात चूक नव्हती. त्याने तबकडीवर छापलेलं उतरवलं होतं. पण असंख्य श्रोत्यांच्या कानाला ते आधीपासून अपुरं वाटत होतं. तो आवाज काढून घेतला तर गाण्याचं काय उरतं, हे विचारायला संगीताचं शिक्षण लागत नाही. राइट यांचा पियानो आणि टोरी यांचा आक्रोश, दोन्ही बिनशब्दाचे; त्यातला एक पुस्तकाच्या समासात राहिला होता, दुसरा तर समासाच्याही बाहेर. वाचकांच्या कुरकुरीतलं मर्म इथे हाताला लागतं. जे शब्दांत आलं त्यालाच इतिहासात जागा मिळते, आणि या बँडचं सर्वांत खोल काम शब्दांवाचून झालेलं आहे.

18 फेब्रुवारी 2007 रोजी रॉजर वॉटर्स मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर आले आणि त्यांनी ‘डार्क साइड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. महाराष्ट्रातल्या फ्लॉइडप्रेमींच्या एका पिढीने ही गाणी मित्राकडून भरून आणलेल्या कॅसेटवर ऐकली होती. कॅसेटच्या खोक्यात वादकांची नावं असतीलच असं नसे. कोण काय वाजवतं हे कळायला मार्ग नव्हता, आणि म्हणून पक्षही नव्हते. त्या संध्याकाळी शब्द ज्यांचे ते समोर होते. पियानो आणि ऑर्गन मात्र दुसऱ्या हातांत होते. तेव्हा राइट हयात होते; आदल्या वर्षी ते गिल्मोरबरोबर युरोपात आणि अमेरिकेत वाजवत फिरले होते.

त्या दौऱ्यातली एक रात्र, ऑगस्ट 2006 मधली, पोलंडच्या ग्दान्स्क बंदरातल्या जहाजकारखान्यात. गिल्मोर आणि राइट यांनी तिथे ‘एकोज’ पूर्ण वाजवलं. मधल्या भागात दोघं एकमेकांना तुकडे देतात, घेतात, जरा थांबतात, पुन्हा देतात. मैफिलीत गायक आणि संवादिनीवाला एकमेकांकडे न बघता बोलावेत तसं. राइट 15 सप्टेंबर 2008 रोजी गेले; या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण त्यानंतर आठवड्याभरात बाजारात आलं. राइटशिवाय हे गाणं वाजवण्यात अर्थ नाही, असं गिल्मोर पुढे सांगत राहिले. 2016 मध्ये ते पाँपेईच्या त्याच प्राचीन रंगमंडपात वाजवायला गेले, जिथे 1971 च्या ऑक्टोबरात प्रेक्षकांविना ‘एकोज’चं चित्रीकरण झालं होतं. तिथेही त्यांनी ते वाजवलं नाही. 2014 च्या ‘द एन्डलेस रिव्हर’ या तबकडीत तर बहुतेक सगळंच शब्दाविना आहे, 1993 च्या मुद्रणांतून जपून ठेवलेल्या राइटच्या सुरांवर उभं केलेलं.

यानंतर आलेल्या पुस्तकांत राइट यांना जास्त जागा मिळू लागली. कुठल्या गाण्यात कोणतं वाद्य, कुठला प्रतिध्वनी, अशी माहिती देणारे जाडजूड ग्रंथ निघाले. त्यांत बिन्सन एकोरेकचं वर्णन असतं: फितीऐवजी फिरत्या चुंबकीय चकतीवर सूर टिपणारं आणि थोड्या थोड्या अंतराने तो परत देणारं इटालियन यंत्र, ज्यातून फार्फिसाचा साधा सूर लांबच लांब पसरत जाई. अशा ग्रंथांबद्दल काही वाचक म्हणतात की यात यंत्रं फार आणि माणूस कमी. ते खरंही आहे. तरी राइट यांच्यासारख्या माणसापर्यंत पोचायला यंत्राची वाटही चालते, कारण त्याने भाषा म्हणून वापरलं ते हेच.

1975 च्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चा अखेरचा भाग एकट्या राइट यांच्या नावावर आहे. ही संपूर्ण रचना बॅरेटसाठी. वॉटर्सनी त्याच्यासाठी शब्द लिहिले, गिल्मोरनी चार सुरांची ती ओळखीची हाक दिली, आणि या दोन्हींवर पुस्तकांनी भरपूर लिहिलंय. अगदी शेवटी, सगळं विरत चाललेलं असताना, राइट सिंथेसायझरवर हलकेच एक चाल वाजवतात. बॅरेटच्या 1967 च्या ‘सी एमिली प्ले’मधली. काही सेकंदच. आवाज मुळातच कमी होत आलेला असतो, आणि ऐकणारा बहुधा तबकडी उचलायला उठलेला असतो. या सेकंदांना पुस्तकात एखादी ओळ मिळते, कधी तीही नाही. ज्याला ती ओळ सापडते, तो पुस्तक उपडं ठेवून उठतो, सुई पुन्हा शेवटच्या इंचावर टेकवतो आणि आवाजाची चावी पूर्ण उघडतो.